वरचा थर

परक्याच्या घरी गेल्यावर भिंतीवर ठोकून बघू नये, एवढी साधी गोष्ट मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळली. गेल्या महिन्यात धाराशिवला पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलीचे वडील वकील. बंगला नवाकोरा, रंगाचा वाससुद्धा अजून गेला नव्हता. पोहे झाले, चहा झाला, दोन्हीकडची माणसं जरा सैल होऊन बसली, आणि माझा उजवा हात माझी परवानगी न घेता मागं गेला. बोटांची पेरं भिंतीवर दोनदा आपटली. मान आपोआप कलली आणि तोंडातून निघालं, "इथं पोकळ आहे."

वकीलसाहेबांनी विचारलं, काय पोकळ आहे? माझ्या जागी शहाणा माणूस असता तर खोकला काढला असता. मी खुलासा केला. म्हणालो, प्लास्टर सुटलंय, पावसाळ्यात फुगा येईल, तुमचा मिस्त्री घाईचा दिसतो. मिस्त्री नव्हे, त्यांचे सख्खे मेहुणे कंत्राटदार होते आणि ते माझ्या समोरच पोहे खात होते. चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. पुतण्या अजून माझ्याशी बोलत नाही.

ही खोड माझी नव्हे. ती शरणप्पा मिस्त्रींची. माणूस गेला आणि खोड तेवढी माझ्याकडं राहिली.

अणदूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो, आणि माझं घर शरणप्पांनी बांधलं. उंच, काळेशार, काठीसारखे सरळ. कानावर चपटी पेन्सिल, खांद्यावर टॉवेल. काम सुरू करायच्या आधी गळ्यातलं इष्टलिंग बनियनच्या आत सरकवायचे, थापी कपाळाला लावायचे आणि मग दुपारच्या भाकरीपर्यंत तोंड उघडायचे नाहीत. उघडलंच तर भिंतीविषयी. भिंत रुसली, भिंत दमली, ही भिंत खोटं बोलती, असं चालायचं. नवी भिंत असो, जुनी असो, दुसऱ्याच्या घरातली असो, थापीच्या मुठीनं दोनदा ठोकायचे आणि मान कलती करून ऐकायचे. मी एकदा विचारलं होतं, दोनदाच का? ते म्हणाले, "पयल्यांदा ठोकलं की भित दचकती, सर. दुसऱ्यांदा खरं बोलती."

त्यांच्या पायजम्याच्या खिशात एका कापडी थैलीत वडिलांचा, भिंत सरळ आहे का ते बघायचा पितळी ओळंबा असायचा, वर काळा दोरा गुंडाळलेला. लग्नाला गेले तरी तो खिशात. एका लग्नात मांडवाचा खांब तिरका दिसला म्हणून त्यांनी अक्षता हातात घेऊनच ओळंबा सोडला होता, हे मी डोळ्यांनी बघितलंय. डोळ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. डोळा लाडावलेला असतो, त्याला जे बघायचंय तेच तो बघतो, असं त्यांचं म्हणणं. हे ते माझ्याकडं बघून का म्हणायचे, ते मला फार उशिरा कळलं.

आता माझ्या कंपाउंडची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं.

घराच्या एका बाजूला जुनी दगडी भिंत होती. तिला लागून नवी विटांची भिंत आली. दोन्ही जिथं मिळाल्या तिथं शरणप्पांनी खालपासून वरपर्यंत बोटभर फट ठेवली. मला ती काही बघवेना. वास्तुशांत आठ दिवसांवर आलेली, हेडमास्तरांपासून सगळे येणार, आणि आल्या आल्या भिंतीला फट! मी शरणप्पांना म्हणालो, ही बुजवा. ते म्हणाले, मुद्दाम ठेवलीय, दगड आणि वीट उन्हात सारखं फुगत नाहीत, त्यांना हलायला जागा लागती. मी हसलो. आकुंचन-प्रसरण मी वीस वर्षं शिकवतोय. रुळांमधल्या फटीचं चित्र फळ्यावर दर वर्षी काढतो, परीक्षेत दोन गुणांना विचारतो. पण स्वतःच्या भिंतीचा प्रश्न आला की माणसाचं शिक्षण कुठं जातं कोण जाणे. शरणप्पा लेकीच्या बाळंतपणासाठी उमरग्याला गेले तशी मी दुसऱ्या एका गवंड्याला बोलावून ती फट सिमेंटनं गच्च भरून घेतली. वरून रंग मारला. वास्तुशांतीला सगळ्यांनी भिंतीचं कौतुक केलं.

पुढच्या मे महिन्यात भिंत फुटली. भरलेल्या जागी नव्हे. ती जागा दगडासारखी घट्ट होती, आजही आहे. तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, चांगल्या विटांमधून वरपासून खालपर्यंत वाकडीतिकडी चीर गेली. शरणप्पा आले. भरलेली फट बघितली, चीर बघितली, दोनदा ठोकलं. मला वाटलं आता माझी हजेरी घेतील. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "जितं हलायचं तितं तुमी हलू दिलं न्हाय. मग तिनं शेजारी वाट काढली."

चीर बुजवा म्हटलं तर तयार होईनात. "ऱ्हाऊ द्या. तुमच्या डोळ्यासमोर असू द्या." ती अजून आहे. तिच्यात आता पालीचा संसार आहे.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांची कंबर गेली. चाळीस वर्षं वाकून खालचे थर लावलेले, घमेली उचललेली. कमरेतला एक मणका खालच्यावरून पुढं सरकला होता. डाव्या पायात कळ उतरायची ती पार अंगठ्यापर्यंत. बसवेना, उभं राहवेना. औषधं झाली, पट्टा झाला, एका वैदूकडून चोळून झालं. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की ते दोन मणके स्क्रू आणि सळ्या घालून एकमेकांना जखडावे लागतील, मध्ये हाड भरावं लागेल, म्हणजे पुढं ते दोन्ही मिळून एकच हाड होईल.

बरोबर जाणार कोण? अर्थात मी. शाळेत सांगाडा आहे, मणके तेहतीस हे मला तोंडपाठ आहे. त्या सांगाड्याला डावा पाय नाही ही गोष्ट वेगळी. शरणप्पांची बायको गौराक्का सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या, सर हायत संगं, मग फिकीर न्हाय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर खोलीत आले तेव्हा शरणप्पांनी त्यांची तोंडी परीक्षाच घेतली. सळई कितीची, आठची का दहाची? गंजती का? गंजू नये म्हणून वरून कव्हर किती येणार? डॉक्टर मोठ्यानं हसले आणि म्हणाले, ही वेगळ्या धातूची असते बाबा, गंजत नाही. शरणप्पांना ते काही पटलं नाही. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, लोखंड म्हटलं की पाणी त्याला शोधीत येतं. पण ऑपरेशन झक्क झालं. तिसऱ्या दिवशी ते वॉकर धरून उभे राहिले आणि म्हणाले, पायातली कळ गेली. चौथ्या दिवशी त्यांनी खोलीच्या भिंतीवर दोनदा ठोकलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तिथल्या नर्सला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मी आत शिरताच सांगून टाकलं की मी सायन्स टीचर आहे. ते सांगायची काही गरज नव्हती. त्यामुळं एवढंच झालं की डॉक्टर मराठी सोडून इंग्रजीत बोलायला लागले. पाच मिनिटं बोलले. मी दर वाक्याला मान हलवली. एका ठिकाणी 'सेगमेंट' हा शब्द आला आणि मला आठवीच्या पुस्तकातलं गांडूळ दिसायला लागलं. ते जाईपर्यंत डॉक्टर दोन वाक्यं पुढं गेले होते. पण मला काहीच कळलं नाही असं म्हणून सुटका करून घ्यायची सोय नाही. मुद्द्याचं कळलं होतं. जखडलेले दोन मणके आता हलणार नाहीत. त्यांच्या वाट्याचं वाकणं वरच्या मणक्यावर येणार. काही जणांना काही होत नाही, काहींचा वरचा मणका वर्षानुवर्षं झिजत जातो. म्हणून वाकून जड उचलायचं नाही, रोज चालायचं, सांगितलेला व्यायाम सोडायचा नाही, वर्षातून एकदा येऊन फोटो काढून घ्यायचा, आणि मांडीत मुंग्या आल्या तर थांबायचं नाही, लगेच यायचं.

मी बाहेर आलो. बाकावर शरणप्पा, शेजारी मांडीवर पिशवी घेऊन गौराक्का. पंधरा दिवसांत त्या माउलीचा चेहरा एवढासा झालेला. शरणप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि जरा मोठ्यानंच विचारलं, "काय म्हणले, सर? पक्कं झालं न्हवं?"

मी म्हणालो, "एकदम पक्कं. ही जागा आता काही मोडत नाही."

गौराक्कांनी पदर डोळ्याला लावला. ते बघून मला इतकं बरं वाटलं की उरलेलं सगळं मी घरी गेल्यावर, सावकाश, नीट समजावून सांगायचं ठरवलं. घरी गेल्यावर उद्यावर ठेवलं. फाइल मात्र सुरक्षित राहावी म्हणून मी माझ्याकडं घेतली आणि शाळेच्या दाखल्यांच्या कपाटात ठेवून दिली.

पहिली दोन-तीन वर्षं इतकी छान गेली की काही सांगायचं राहिलंय याचाच मला विसर पडला. सहा महिन्यांनी शरणप्पा कामावर. वर्षभरात परांचीवर चढले. वरचे थर लावताना पूर्वीसारखाच हात चालायचा. खालचे लावायचे तर घमेलं पालथं घालून त्यावर बसायचे. कोणी विचारलं की सांगायचे, आत सळ्या हायत, सरांनी बघितल्यात. आणि मी काय करायचो? मी त्याचा किस्सा करून सांगायचो. कव्हर किती येणार, ही डॉक्टरांची परीक्षा मी शाळेत, लग्नात, एसटीत इतक्यांदा सांगितली की मिस्त्रींना पंचक्रोशी 'सळईवाले मिस्त्री' म्हणायला लागली. लोक मुद्दाम त्यांच्या पाठीवर थाप मारून बघायचे.

आमच्या गावचा खंडोबा एका ठिकाणी राहत नाही. देव एकच आणि देवळं दोन, एक आमच्याकडं, एक नळदुर्गला. वर्षातला बराच काळ आमचा आणि थोडा त्यांचा. देव न्यायचा-आणायचा तर दोन्ही गावांत रीतसर करार होतो. ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या मार्गशीर्षात देव निघाला तेव्हा शरणप्पांनी पालखीला खांदा दिला. गौराक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "चालंल का वं, सर?" डॉक्टरांचं 'जड उचलायचं नाही' मला आठवलं. भंडारा उधळलेला, सगळं पिवळं झालेलं, आणि त्या पिवळ्यात त्या माणसाचा चेहरा असा फुललेला की मी तोंड उघडलं ते फक्त 'चालंल की' म्हणायला. शरणप्पा पालखीखालून बाहेर आले, घाम पुसला आणि म्हणाले, देवसुद्धा हलता राहिला म्हणून दोन गावांत टिकला, सर. मग का कोण जाणे, माझ्याकडं बघून हसले.

पाचव्या वर्षी हसणं कमी झालं. सकाळी उठल्यावर तासभर पाठ वळायची नाही. दुखणं आता जुन्या जागी नव्हतं. त्याच्या जरा वर, पायजम्याच्या नाडीच्या वर, चार बोटं. ते मागं हात नेऊन तिथं बोटानं ठोकायचे, दोनदा, आणि म्हणायचे, "वरचा थर बोलाया लागलाय." ऐकणारे हसायचे. हसणाऱ्यांत पहिला मी.

मग ते पुढं झुकायला लागले. आधी मला वाटलं वय झालं. पण वयानं माणूस खांद्यात वाकतो. हे कमरेतून, अख्खेच्या अख्खे, वाऱ्यानं कलंडलेल्या खांबासारखे झुकत होते. सरळ चालायला गेलं की शंभर पावलांवर मांड्या भरून यायच्या, मुंग्या यायच्या, बसावं लागायचं. वाकून चाललं की बरं वाटायचं. म्हणून ते सायकल घेऊन निघायचे. चालवायचे नाहीत. हँडलवर भार देऊन तिच्या शेजारनं चालायचे. बाजार, देऊळ, काम, सगळीकडं. संध्याकाळी शाळेवरून येताना मला त्या सायकलीचा आवाज मागनं यायचा, पायडल न मारता फिरणाऱ्या चाकाचा, टिकटिक टिकटिक. मी चालण्याचा वेग वाढवायचो. एका म्हाताऱ्या माणसाच्या सायकलीला घाबरून पळणारा विज्ञानाचा मास्तर जिल्ह्यात मी एकटाच असेन.

सांगून टाकायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. तीनदा केला. पहिल्यांदा सीताफळं घेऊन गेलो. सीताफळाच्या बियांवर बोलून परत आलो. दुसऱ्यांदा फाइलच काखेत मारून गेलो. गौराक्कांनी विचारलं, काय आणलं? मी म्हणालो, मुलांचे पेपर. तिसऱ्यांदा मी निश्चय करून ओट्यावर बसलो आणि म्हणालो, मिस्त्री, तुम्हाला एक सांगायचं होतं. ते म्हणाले, सांगा. मी म्हणालो, न्हाणीघरात ओल येतीय. ओल येत नव्हती. दुसऱ्या दिवशी ते तसल्या पाठीनं सायकल ढकलत आले, न्हाणीघराची प्रत्येक भिंत दोनदा ठोकून बघितली आणि तसेच परत गेले.

आठव्या वर्षी त्यांना पुन्हा सोलापूरला नेलं. या वेळी मीच धरून बसलो, जायचंच म्हणून. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. जखडलेली जागा पांढरीफटक, एकजीव. मी सांगितलं होतं तसं झालं होतं, ती जागा काही मोडली नव्हती. तिच्या वरच्या दोन मणक्यांमधली फट मात्र गेली होती. गादी झिजून हाडावर हाड आलं होतं, आणि वरचा मणका पुढं सरकायला लागला होता. शरणप्पा मान कलती करून बघत राहिले. माझ्या मनात एकच गोष्ट, माझ्या कंपाउंडची चीर.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी मराठीत सगळं सांगितलं. जखडलेलं आणखी वरपर्यंत वाढवता येईल, पायांना आराम पडेल. शरणप्पांनी विचारलं, "मग त्याच्या वरच्याचं काय?" डॉक्टर म्हणाले, त्याच्यावर भार जाणार, ते नाकारत नाही. शरणप्पा म्हणाले, "म्हंजे थर भरत भरत मानंपत्तुर यायचं." डॉक्टर हसले नाहीत. एकदम ठरवू नका, विचार करा, म्हणाले. वर्षाला येत गेला असता तर कदाचित काही आधी करता आलं असतं, असंही म्हणाले, अगदी हळू, कोणाकडंही न बघता. मी त्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

शरणप्पांनी दुसरं ऑपरेशन नाही म्हटलं. पुढच्या उन्हाळ्यात लेक महानंदा दोघांना उमरग्याला घेऊन गेली. वर्षभरानं तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. तापाचा पाठीशी संबंध नाही, असं मला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं.

मातीला मी पोहोचलो नाही, एसटी चुकली. तिसऱ्या दिवशी गेलो. गौराक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं आता सगळ्यांसमोर विचारतील, आणि खरं सांगायचं तर विचारावं असंही वाटत होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तुमी पक्कं म्हणला सर, म्हणून इतकी वर्सं म्या निवांत निजले. न्हायतर जीव टांगणीला लागला असता." आणि महानंदेला म्हणाल्या, सरांना चहा टाक, साखर जरा जास्त, त्यांना लागती.

तो चहा मी प्यायलो. काही बोललो नाही. का बोललो नाही ते आता सांगतो, कारण यंदा गौराक्काही गेल्या. त्या असत्या तर हे लिहिलंच नसतं.

शरणप्पा गाव सोडून निघाले त्या सकाळची गोष्ट. जावयाची जीप दाराशी लागलेली, सामान चढत होतं. शरणप्पा सायकल ढकलत एकटेच माझ्या घराकडं आले. सायकल माझ्या कंपाउंडला टेकवली आणि खिशातली कापडी थैली काढली. मला वाटलं, ओळंबा मला देणार. माझे डोळे आधीच भरून आले. त्यांनी तो माझ्या हातात दिला खरा, पण म्हणाले, "ह्यो हितं मानंपाशी धरा, आन् खाली सोडा. मला बघायचंय म्या किती सुटलोय."

ते माझ्याकडं कड करून, जमेल तितके ताठ उभे राहिले. मी त्यांच्या कानाखाली दोरा धरला आणि सोडला. सरळ माणसाचा ओळंबा घोट्यापाशी यायला हवा. पितळेचा तो लोळक हलत हलत थांबला तो पायाच्या अंगठ्याच्याही पुढं, वीतभर.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चार बोटं," मी म्हणालो.

"वीत हाय, सर." त्यांना मान वर करायला त्रास व्हायचा, नजर कायम जमिनीवर. ओळंबा त्यांना माझ्यापेक्षा नीट दिसत होता.

मी दोरा तसाच धरून ठेवला. मी म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी सोलापूरला डॉक्टरांनी मला…"

"ठाव हाय."

"काय ठाव आहे?"

त्यांनी दोरा माझ्या हातातून घेतला आणि लोळकावर गुंडाळत सांगितलं. दवाखान्यात व्यायाम शिकवायला जी पोरगी यायची ती अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी. तिनं त्यांना घरी सोडायच्या आदल्याच दिवशी सगळं समजावलं होतं. वरच्या मणक्यावर भार येईल, वाकून जड उचलू नका, दर वर्षी या, सगळं. एकदा नाही, दोनदा.

मी म्हणालो, मग मला का विचारलंत? पक्कं झालं का म्हणून, बाहेर, बाकावर?

"म्या न्हाय विचारलं. तिला ऐकवायचं व्हतं. खरं कळलं असतं तर तिनं मला पुन्यांदा थापी धरू दिली नसती. आन् माझ्या तोंडचं तिला पटलं नसतं. तुमी शास्तर शिकिवता."

"पण मी खरं सांगितलं असतं तर? सगळं, जसंच्या तसं?"

शरणप्पांनी थैलीची नाडी ओढली. भरलेल्या फटीकडं बघितलं. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"तर म्या थांबलो असतो, सर. पर तुमी सांगणार न्हाय ह्ये मला ठाव व्हतं. फट दिसली की तुमाला ती भरल्याबिगर चैन पडत न्हाय."

जीपचा हॉर्न वाजला. त्यांनी एवढंच सांगितलं की गौरीला ह्यातलं काही कळू देऊ नका, तिची झोप मोडंल. सायकल इथंच राहू द्या म्हणाले. मी हात धरायला गेलो तर नको म्हणाले. एक हात माझ्या कंपाउंडवर टेकत, भिंतीच्या आधारानं चालत निघाले. चिरेपाशी थांबले. मूठ वर केली, चिरेच्या शेजारी दोनदा ठोकलं, मान कलती केली आणि ऐकत राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग कोपऱ्यावरनं वळले. शेवटी दिसला तो टॉवेल टाकलेला खांदा, जमिनीकडं चाललेला.

काय ऐकू आलं, ते मी विचारलं नाही. सायकल अजून तिथंच आहे. तिची हवा गेलीय. संध्याकाळी कधी कधी मी त्या चिरेपाशी जाऊन उभा राहतो आणि मूठ वर करतो. लोकांच्या भिंतींवर मी दोनदा ठोकतो. या भिंतीवर एकदाच ठोकतो, दचकवण्यापुरतं, आणि घरात येतो.